फिरायला निघताना लेन्स कोणती घ्यावी?

कॅमेरा घेऊन वर्षभर झालं आणि सोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स हाताला सरावली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "आता दुसरी कुठली घेऊ?" पिंपळे गुरव, नवी सांगवी, पिंपळे सौदागर या पट्ट्यात हा प्रश्न फार कानावर येतो. इथली बरीच मंडळी आठवडाभर हिंजवडी, भोसरी, चाकणला कामात गुंतलेली असतात आणि सुट्टी मिळाली की लोहगड, तिकोना, पवना, कार्ला गाठतात. कुणाची सुट्टी शनिवार-रविवारी, कुणाची गुरुवारी. हाताशी एक दिवस, पाठीवर एक सॅक आणि खिशाला झेपेल असा एकच खर्च. लेन्स निवडायची ती या तिन्हींत बसणारी.

दुकानात विचारलं तर बहुतेक वेळा लांब पल्ल्याची झूम पुढे केली जाते. मित्र ५० मिमी एफ १.८ घ्यायला सांगतात. व्हिडिओ बघितले तर धारदारपणाच्या चाचण्या आणि भिंतींचे फोटो. हे सगळं आपापल्या जागी बरोबर आहे, पण त्यात तुमचा प्रवास कुठेच नाही. माझं मत असं, की लेन्स निवडण्याआधी ठिकाणांची यादी करू नये, दुकानांचीही करू नये. आपण आजवर काढलेले फोटो उघडून बसावं.

जुने फोटो काय सांगतात

प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात तो किती फोकल लेंग्थवर काढला याची नोंद असते. कॉम्प्युटरवर फोटोच्या प्रॉपर्टीज उघडून डिटेल्स पाहिले की ती दिसते. लाइटरूम वापरत असाल तर फोकल लेंग्थप्रमाणे फोटो वेगळे काढता येतात; डिजिकॅम नावाचं मोफत सॉफ्टवेअरही हे काम करतं. मागच्या काही सहलींतले फक्त आवडलेले फोटो घ्या. फ्रेम करून लावावेत किंवा गावाकडच्या माणसांना पाठवावेत असे. त्यांतले किती १८वर आहेत, किती ५५वर, किती मधल्या आकड्यांवर, हे वहीत मांडा.

बहुतेकांचे फोटो दोन टोकांना गोळा झालेले असतात. पण एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. १८वरचे फोटो पुन्हा बघा आणि स्वतःला विचारा, त्या वेळी मागे सरकायला जागा होती का? पाठ भिंतीला टेकली असेल, पायाखाली कडा संपत असेल आणि तरीही दृश्य मावत नसेल, तर तुम्हाला खरंच जास्त रुंद लेन्स हवी आहे. जागा असून सरकला नसाल, तर नव्या लेन्सनं काही बदलणार नाही. ५५वरचंही तसंच. फोटो नंतर कापून मोठा करावा लागला असेल, तर लांब पल्ल्याची गरज खरी. नुसतं झूमचं कडं फिरवत शेवटापर्यंत नेण्याची सवय असेल, तर चार पावलं पुढे जाणं पुरेसं होतं.

आता त्याच फोटोंचा शटर स्पीड आणि आयएसओ बघा. हललेले किंवा रवाळ झालेले फोटो बहुतेक देवळात, लेण्यांत, संध्याकाळी काढलेले निघाले, तर तुमची अडचण पल्ल्याची नाहीच, उजेडाची आहे. माझ्या पाहण्यात आपल्याकडच्या भटक्यांना सगळ्यात जास्त नडते ती हीच गोष्ट, आणि लेन्स घेताना तिचाच विचार सगळ्यात कमी होतो.

आकड्यांची थोडी ओळख इथे करून घेऊ. फोकल लेंग्थ जितकी कमी, तितकं जास्त दृश्य फ्रेममध्ये मावतं. आपल्यापैकी बहुतेकांकडे एपीएस-सी सेन्सरचे कॅमेरे असतात. त्यांत निकॉन, सोनी, फुजीच्या लेन्सचा आकडा दीडनं आणि कॅननचा १.६नं गुणला, की फुल फ्रेमच्या हिशोबातला आकडा मिळतो. म्हणजे १८ मिमी तिथे साधारण २७ ते २९ ठरते आणि ३५ मिमीची लेन्स पन्नासच्या थोडी वर जाते. लेन्सबद्दल वाचताना किंवा ऐकताना आकडा कुठल्या हिशोबातला आहे, हे आधी विचारून घ्या; निम्मे गोंधळ तिथेच मिटतात.

डायनासोर गार्डनमधला एक तास

आकड्यांचा अर्थ डोळ्यांना समजावा म्हणून एक प्रयोग सुचवतो. पिंपळे गुरवचं राजमाता जिजाऊ उद्यान, ज्याला सगळा गाव डायनासोर गार्डन म्हणतो, त्यासाठी फार सोयीचं आहे. सकाळी गर्दी नसताना घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन जा. एका डायनासोरच्या पुतळ्यापासून पंधरा-वीस पावलांवर त्या व्यक्तीला उभं करा आणि तिला तिथून हलू देऊ नका. लेन्स १८वर ठेवा आणि ती व्यक्ती फ्रेमच्या निम्म्या उंचीची दिसेल इतकं जवळ जा. फोटो काढा. आता लेन्स ५५वर न्या आणि ती व्यक्ती पुन्हा तेवढीच, निम्म्या उंचीची दिसेल इतके मागे या. दुसरा फोटो काढा.

दोन्ही फोटोंत माणूस तेवढाच आहे, पण मागचा डायनासोर मात्र बदलला. पहिल्या फोटोत तो दूर, लहान आणि आजूबाजूला झाडं, वाट, आभाळ भरपूर. दुसऱ्यात तो माणसाच्या अगदी पाठीशी येऊन उभा राहिल्यासारखा मोठा. कुणाकडून २०० मिमीची लेन्स तासाभरासाठी मिळाली तर आणखी मागे जाऊन तिसरा फोटो काढा. माणसाच्या मागे डायनासोरचा फक्त एखादा भाग मावेल. हा फरक लेन्सच्या काचेमुळे पडत नाही. तुम्ही कुठे उभे राहिलात त्यामुळे पडतो. लेन्स फक्त तुम्हाला तिथे उभं राहू देते.

एवढं कळलं की डोंगरातले बरेच प्रश्न सुटतात. लोहगडावर मित्राचा फोटो काढताना मागचा बुरुज भव्य दिसायला हवा असेल, तर मित्राला जवळ उभं करून १८वर फोटो काढण्यात अर्थ नाही. लांब जा आणि झूम करा. विंचूकाट्याची सोंड मात्र उलट मागणी करते. गडावरून तिच्याकडे बघताना पायाजवळच्या दगडांपासून टोकापर्यंतची सगळी लांबी एका फ्रेममध्ये घ्यायची असते, आणि तिथे रुंद लेन्सला पर्याय नाही. एकाच गडावर दोन्ही मागण्या येतात, म्हणून प्रवासात झूम लेन्स कामाला येते. मोजक्या प्राइम, म्हणजे एकाच फोकल लेंग्थच्या लेन्स, घेऊन फिरणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण चढणीवर लेन्स बदलत बसायला सोबतचे लोक थांबत नाहीत.

सह्याद्रीसाठी आणखी एक सांगतो, कारण याबाबत समज उलटा आहे. डोंगर म्हटलं की रुंद लेन्स हवी, असं बहुतेकांना वाटतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी ते खरंच आहे. तो अर्धगोल कातळ १८मध्येही नीट मावत नाही. पण रांगांमागे रांगा, दऱ्यांत साचलेलं धुकं, तोरण्यावरून दिसणारा राजगड अशा दृश्यांत रुंद लेन्स डोंगरांना रेषेएवढं करून टाकते. फोटोत आभाळ आणि गवतच उरतं. इथे ७० ते २०० मिमीचा पल्ला रांगा एकमेकींजवळ आणतो आणि डोळ्याला जाणवलेली उंची फोटोत उतरते. कोकणकड्यासाठी दुसरी लेन्स घ्यायचीच नसेल, तर कॅमेरा उभा धरून, प्रत्येक फोटोत आधीच्याचा तिसरा भाग घेत सलग सहा-सात फोटो काढा आणि घरी जोडा. फोटोंमधला उजेड सारखा राहावा म्हणून एक्सपोजर मॅन्युअलवर ठेवा.

उजेड कमी तिथे

आता कार्ल्याचं लेणं घेऊ, कारण प्रवासी लेन्सची खरी परीक्षा अशा जागी होते. चैत्यगृहात शिरलं की बाहेरच्या उन्हातून एकदम सावलीत येतो. समोर दुतर्फा खांबांच्या रांगा, शेवटी स्तूप आणि वर, सुमारे १४ मीटर उंचीवर, दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागवानी कमानी. उजेड येतो तो मुख्यतः दर्शनी भागातल्या मोठ्या कमानदार गवाक्षातून. तो स्तूपापर्यंत पोहोचतो, पण बाजूच्या वाटा अंधारात राहतात. खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि त्यांच्यावरची जोडपी आहेत. ती वर आहेत, झूम करावं लागतं, आणि झूम केलं की किट लेन्सचं अॅपर्चर एफ ५.६वर जातं.

समजा तिथे आयएसओ १६०० ठेवून एफ ५.६ला शटर १/१५ सेकंद मिळतोय. हातात धरलेल्या कॅमेऱ्यानं ५५ मिमीवर हा फोटो स्थिर येणं कठीण. त्याच जागी एफ २.८ची लेन्स असेल तर चौपट उजेड आत येतो आणि शटर १/६०वर जातो. एफ १.८ची असेल तर १/१२५च्याही थोडा पुढे. एका आकड्याचा हा फरक आहे, आणि हत्तीच्या पाठीवर बसलेल्या बाईचा चेहरा फोटोत दिसणार की नाही ते त्यावर ठरतं.

ट्रायपॉडचा पर्याय इथे धरून चालू नका. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉड लावायला आधी परवानगी घ्यावी लागते. फ्लॅश अजिंठ्यात तर बंदच आहे, कारण चित्रांना त्यानं इजा होते. आणि जिथे बंदी नाही तिथेही समोरून मारलेला फ्लॅश कोरीवकामाची सगळी सावली पुसून टाकतो. शिल्प सावलीमुळे दिसतं. तेव्हा उरतात तीन मार्ग: आयएसओ वाढवणं, स्टॅबिलायझेशन असलेली लेन्स किंवा बॉडी, आणि मोठ्या अॅपर्चरची लेन्स.

स्टॅबिलायझेशनबद्दल दुकानात जे सांगतात ते खरं असतं, पण अपुरं. ते तुमच्या हाताचा कंप सावरतं. स्तूप हलत नाही, त्यामुळे लेण्यात ते फार उपयोगी. पण चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिरात आरती चालू आहे, माणसं टाळ्या वाजवताहेत, मूल आईच्या खांद्यावर वळून बघतंय. तिथे माणसंच हलत असतात आणि शटर निदान १/१२५ लागतो. तो मोठं अॅपर्चरच देऊ शकतं. तुमच्या प्रवासात देवळं, जत्रा, घरगुती समारंभ, रात्रीचे बाजार जास्त असतील, तर लांब झूमवर खर्च करण्याआधी एक छोटी उजळ प्राइम घ्या. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमीपेक्षा ३५ मिमी किंवा त्याच्या आसपासची लेन्स मी सुचवेन. ५० तिथे ७५-८०सारखी वागते; चेहऱ्यांना उत्तम, पण घराच्या खोलीत किंवा सभामंडपात मागे सरकायला जागा उरत नाही.

भंडारा, गुलाल आणि पाऊस

जेजुरीला सोमवती अमावास्येला गेला असाल तर भंडारा कुठे कुठे जातो ते माहीत असेल. हळदीची ती पूड पिठाहून मऊ. झूम लेन्सची नळी पुढे सरकते तेव्हा ती बाहेरची हवा आत ओढते आणि हवेबरोबर भंडाराही जातो. गणेश विसर्जनातल्या गुलालाचं आणि धुळवडीच्या रंगाचंही हेच. अशा जागी लेन्स बदलायची नाही, हा पहिला नियम. सेन्सर उघडा पडला की पूड थेट त्यावर बसते आणि पुढच्या प्रत्येक फोटोत डाग दिसतात. निघण्यापूर्वी घरीच एक लेन्स लावा, पुढे साधा यूव्ही फिल्टर आणि हुड बसवा, आणि परत येईपर्यंत तीच ठेवा. प्राइम असेल तर उत्तम, कारण तिची नळी झूमसारखी आत-बाहेर होत नाही. भंडारा काचेवर बसला तर कापडानं पुसू नका. आधी हातातल्या ब्लोअरनं उडवा, मग मऊ ब्रशनं झाडा आणि शेवटी कापड. गाड्यावर मिळणाऱ्या ओल्या टिश्यूनं तर मुळीच नाही.

पालखीसाठी आपल्या भागातल्या लोकांना लांब जावंही लागत नाही. तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूत प्रस्थान ठेवते, मग आकुर्डीला मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं पिंपरी, कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी करत पुण्यात जाते. पिंपळे गुरवहून तो रस्ता हाकेच्या अंतरावर. बरेच जण तिथे लांब लेन्स घेऊन दुभाजकावर उभे राहतात आणि गर्दीतून चेहरे टिपतात. मला ते पटत नाही. वारी जवळून बघायची असते. २४ ते ३५ मिमीच्या आसपासची लेन्स लावा, "माउली" म्हणून हाक द्या, दोन शब्द बोला, थोडं सोबत चाला. फोटोत तो जवळचेपणा उतरतो. २०० मिमीनं तो विकत मिळत नाही. लांब लेन्सचं काम फक्त एकाच ठिकाणी, उंचावरून. उड्डाणपुलावरून किंवा ज्ञानोबांच्या पालखीला दिवे घाटाच्या वळणावरून बघताना पताकांचा तो प्रवाह तिच्यामुळे दाट दिसतो.

वारीच्या दिवसांत पाऊस असतोच. काही लेन्सना धूळ आणि पाण्यापासून बचाव करणारी सीलं असतात, पण बॉडीलाही ती नसतील तर अर्धंच संरक्षण. साध्या प्लास्टिकच्या पिशवीला लेन्सच्या तोंडाएवढं भोक पाडून ती हुडवर रबरबँडनं बांधली की दिवस निभावतो. पावसाळी भटकंती हाच तुमचा मुख्य मोसम असेल तर पोलरायझर फिल्टर जरूर घ्या. ओल्या कातळावरची आणि पानांवरची चमक तो कापतो आणि हिरवा रंग खोल दिसतो. मात्र तो साधारण दीड ते दोन स्टॉप उजेड खातो, म्हणून लेण्यात जाताना काढून ठेवा.

विकत घेऊ नये अशी लेन्स

भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्यातून खूप लोक जातात. अंतर शंभरेक किलोमीटर, उजनीच्या फुगवट्यात होडीतून फिरायचं. तिथे २०० मिमी अपुरी पडते हे खरं. ४०० किंवा त्याहून जास्त हवी, शटर १/१००० किंवा वर हवा, कारण होडी हलते आणि पक्षी उडतात. पण वर्षातून एक-दोन वेळा भिगवण किंवा ताडोबा करणाऱ्यानं त्यासाठी मोठी टेली लेन्स विकत घेऊ नये. अशा लेन्स पुण्यात दिवसाच्या भाड्यानं मिळतात. ओळखपत्र आणि अनामत द्यावी लागते, लेन्स घेताना तिची काच, नळी, ऑटोफोकस तपासून घ्यावा आणि तपासतानाचा व्हिडिओ काढून ठेवावा. दोन हंगाम भाड्यानं नेऊनही पक्ष्यांचंच वेड लागलं असेल, तर खुशाल घ्या.

कासच्या पठाराबद्दल थोडक्यात सांगतो. तिथली बरीच फुलं नखाएवढी असतात. मॅक्रो लेन्स नसेल तर तुमच्या झूमचं सगळ्यात जवळचं फोकस अंतर किती ते बघा. पुष्कळ झूम लेन्स लांबच्या टोकाला बऱ्यापैकी जवळून फोटो देतात. वाटेवर उभं राहून फोटो काढा. एका फुलासाठी आडवं पडलं की शंभर फुलं चिरडतात, आणि तो फोटो कितीही सुंदर आला तरी काढण्यालायक नव्हता.

वजन

लेन्सच्या माहितीपत्रकात वजनाचा आकडा शेवटी असतो. तो आधी वाचा. फुल फ्रेमसाठीची ७०-२०० एफ २.८ साधारण दीड किलोच्या घरात जाते. दोन बाटल्या पाणी, डबा, रेनकोट घेऊन लोहगड-विसापूर करताना हा दीड किलो दुपारनंतर सॅकमध्येच राहतो. उलट कॅननची आरएफ-एस १८-१५० फक्त ३१० ग्रॅमची आहे, निकॉनच्या झेड मालिकेतली डीएक्स १८-१४० ३१५ ग्रॅमची, सोनीची १८-१३५ ३२५ ग्रॅमची. टॅमरॉनची १८-३०० दुप्पट पल्ला देते, पण वजन ६२० ग्रॅम. सिग्माची १८-५० एफ २.८ अवघी २९० ग्रॅम आणि संपूर्ण पल्ल्यात उजेड एकसारखा. अंधाऱ्या जागी जाणाऱ्यांसाठी मला ती फार आवडते. फुल फ्रेम सोनी असेल तर टॅमरॉनची २८-२००, ५७५ ग्रॅम, एकाच लेन्सवर प्रवास निभावते.

विमानानं जाणार असाल तर वजनाला आणखी महत्त्व. देशांतर्गत प्रवासात हातातल्या बॅगेची मर्यादा साधारण ७ किलो असते आणि लेन्स चेक-इन सामानात टाकायची नसते. जादा बॅटऱ्याही हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. दुचाकीवर जाणाऱ्यांनी कॅमेरा डिकीत किंवा पायाशी ठेवू नये. चाकण रस्त्यावरच्या खड्ड्यांचे हादरे लेन्समधल्या बारीक स्क्रूंना सैल करतात. सॅक पाठीवर असली की तुमचं शरीर ते हादरे झेलतं.

आणि खिशातला फोन विसरू नका. आजच्या बहुतेक फोनची मुख्य लेन्स फुल फ्रेमच्या हिशोबात २४-२६ मिमीच्या आसपास असते आणि अनेकांत त्याहून रुंद दुसरी लेन्सही असते. उन्हात काढलेला रुंद फोटो फोन चांगला देतो. म्हणून पैसे एकाच लेन्सपुरते असतील, तर फोनला जे नीट जमत नाही त्यासाठी ते खर्च करा: लांबचा पल्ला आणि कमी उजेडातली माणसं. खास अल्ट्रा-वाइड लेन्स मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

घेताना तपासण्याच्या गोष्टी

सेकंडहँड लेन्सला माझा विरोध नाही. उलट चांगली काच वर्षानुवर्षं टिकते. पण आपल्या हवेत बुरशीची भीती मोठी. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून आत मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. एखाद-दोन धुळीचे कण चालतात. मग वर्तमानपत्राचं पान भिंतीवर चिकटवा, कॅमेरा त्याच्या बरोबर समोर धरून पूर्ण उघड्या अॅपर्चरवर फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा पुसट असेल तर आतली काच सरकली आहे, बहुधा कधीतरी पडली असावी.

माउंटची खात्री करून घ्या, कारण इथे पुष्कळ जणांचे पैसे अडकतात. निकॉनच्या डी३५००, डी५६०० या कॅमेऱ्यांत फोकस मोटर नाही. त्यांवर जुनी ५० मिमी एफ १.८डी बसते, फोटो काढते, पण ऑटोफोकस करत नाही. त्यांच्यासाठी एएफ-एस किंवा एएफ-पी लेन्सच हवी. कॅननची ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही. मिररलेस कॅननवर मात्र ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही अॅडॉप्टरनं चालतात, त्यामुळे बॉडी बदलायचा विचार असेल तरी जुन्या लेन्स घाईनं विकू नका.

नवी लेन्स घेताना पक्कं बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि भारतातली वॉरंटी आहे का ते बघा. परदेशातून आलेला माल स्वस्त पडतो, पण बिघाड झाला की इथल्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्याची वॉरंटी सहसा चालत नाही.

पावसाळ्याचे चार महिने लेन्स कापडी बॅगेत, कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. जेलचा रंग बदलला की ते वाळवून पुन्हा वापरा. कोकणात गेला असाल तर आल्या दिवशीच किंचित ओल्या कापडानं लेन्सचं बाहेरचं अंग पुसा. खाऱ्या वाऱ्याचा थर धातूला खातो.

एवढं सगळं वाचूनही ठरत नसेल, तर माझा कौल असा. एपीएस-सी कॅमेरा असेल तर १८ ते १३५ किंवा १५०ची हलकी झूम घ्या आणि तिच्या जोडीला ३५च्या आसपासची एफ १.८ प्राइम. दोन्ही एकदम परवडत नसतील, तर जुन्या फोटोंच्या वहीत जे पारडं जड निघालं त्यानुसार आधी एक घ्या. दुसरी पुढच्या दिवाळीला.

नवी लेन्स आली की तिची ओळख भाज्याच्या लेण्यांत करून घ्या. कासारवाडी किंवा दापोडीहून लोणावळा लोकल पकडा, मळवलीला उतरा. तिथून लेणी पायी जाण्याइतकी जवळ आहेत. बावीस लेणी आहेत आणि ती पश्चिमाभिमुख आहेत, म्हणून सकाळी घाई करू नका, दुपार कलल्यावर पोहोचा. त्या वेळी ऊन शिल्पांवर येतं. गुरुवारी सुट्टी असणाऱ्यांना गर्दीही कमी मिळेल.